नावा कोण वल्हवत होतं?

हावड्याची गाडी नाशिकरोडला लागली तेव्हा बाबा एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमधून फर्स्ट शिफ्ट संपवून थेट फलाटावर आले होते. बुटांवर राख तशीच. मी पीएचडीला कोलकात्याला निघाले होते. मोगल बंगाल जिंकायला निघाले तेव्हा नद्यांच्या मुलखातले जमीनदार त्यांच्याशी वर्षानुवर्षं लढले. त्यांना बारो भुइयाँ म्हणतात. तोच माझा विषय. आईला तो कधीच पटला नाही. बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "मनमाड सोडलं तेव्हा मला महिनाभर परत जावंसं वाटायचं. तेव्हा जायचं नसतं."

पॉवर स्टेशनच्या कॉलनीतल्या माझ्या बरोबरीच्यांनो, तुम्ही पुण्याला गेलात, दुबईला गेलात, मी पूर्वेला. तिकडं मी बंगाली शिकले, मोहरीच्या तेलाला सरावले आणि भुइयाँच्या प्रेमात पडले. पावसाळ्यात बादशहाचे घोडे चिखलात रुतायचे आणि यांच्या लढाऊ नावा मोकाट फिरायच्या. पाणी ओसरलं की फौज पुन्हा पुढं. एकेक जण शरण गेला. त्याच्या नावा जप्त व्हायच्या आणि पुढच्या भुइयाँवर त्याच चालून जायच्या. मी मात्र न वाकणाऱ्यांवरच पानंच्या पानं लिहीत होते.

तिसऱ्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला घरी आले. जेवताना बाबांना हे सगळं सांगितलं. भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "या नावा वल्हवत कोण होतं?"

"नावाडी. दुसरं कोण?"

"नाव जप्त झाल्यावर ते कुठं गेले?"

"त्यांनाही धरत असणार. मग बादशहासाठी वल्हवायचे."

"म्हणजे जमीनदार हरले. यांची फक्त शिफ्ट बदलली."

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

कोलकात्याला परतल्यावर आधीचं लिहिलेलं बाजूला ठेवलं आणि नावाड्यांच्या मागे लागले. गाईड म्हणाले, "नावाड्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. वेळ जाईल." गेलाच. त्याच सुमाराला नाशिकच्या एका कॉलेजात जागा निघाली. आईनं इंटरव्ह्यूची तारीख तीनदा फोन करून सांगितली. मी गेले नाही. काम अर्धवट टाकून आले तर जन्मभर चडफडत बसेन, म्हटलं. "तुझे नावाडी सांभाळतील तुला म्हातारपणी," ती म्हणाली आणि आठ महिने फोनवर आली नाही. बाबा माझं तिला, तिचं मला सांगत राहिले.

शोधून शोधून नावाड्यांवर अकरा पानं झाली. एकाचंही नाव मिळालं नाही. अजूनही ती पानं काढते, काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं.

आता मी कोलकात्याबाहेरच्या कॉलेजात शिकवते. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, दोघं जेल रोडला भाड्याच्या घरात आहेत. तिथं गेले की दोन दिवसांत परतीचं तिकीट चाचपते. इथं आले की आठवडाभर फोनवर नाशिकचं हवामान बघते. माझं घर कुठलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात दोघं पहिल्यांदा माझ्याकडं आले. आईनं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातले सगळे डबे न विचारता हलवले. कॉलेजातून आले तर मीठ सापडेना. मी ओरडले, "आई, मीठ कुठंय?"

"डोळे उघडून बघ," ती बाहेरून ओरडली.

ते गेल्यावर डबे पूर्वीसारखे लावायचे ठरवलं होतं. अजून लावलेले नाहीत. रोज भलत्याच डब्याला हात जातो.