अप्पांचा धुराचा समुद्र

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. ‘मॅडम, फोटोत काहीतरी सावलीगत आलंय बघा’ म्हणत घाबरून आलेल्या कितीतरी लोकांना मी तोंडावर सांगितलंय, बाबा रे, ते भूत नाही, तुझ्या लेन्सवर बोटाचा ठसा आहे, आधी पूस तो! फोटोत काय काय लबाड्या होतात ते मला आतून-बाहेरून माहीत आहे. म्हणून तर हे लिहायला एवढे दिवस लावले. तुमच्यातलाच कुणीतरी मला म्हणणार, मॅडम, लेन्स पुसा. म्हणा की. आधी वाचा मात्र.

स्टुडिओ माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा. आता पंच्याहत्तरी ओलांडली त्यांनी. माझ्या लहानपणी संक्रांतीच्या यात्रेत, आम्ही जिला गड्डा म्हणतो तिच्यात, होम मैदानावर अप्पांचा फोटोचा स्टॉल असायचा. आणि स्टॉलची शान म्हणजे मागचा पडदा. अप्पांनी स्वतः रंगवलेला समुद्र! सोलापुरात समुद्र कुठला? पण मंद्रूपकडची, अक्कलकोटकडची माणसं नवीकोरी लुगडी नेसून, फेटे बांधून त्या समुद्रापुढं उभी राहायची आणि फोटो घरी नेऊन भिंतीला लावायची. सगळे जागेवर उभे राहिले की अप्पा असा आवाज टाकायचे, “ए, हलायचं न्हाय!” रडणारी पोरं गप व्हायची. शेजारच्या पाळण्याच्या रांगेतले लोकसुद्धा उगाच ताठ उभे राहायचे.

पडदा कसा होता ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मधोमध एक काळा खडक, वरून कुणीतरी घास काढल्यासारखा तुटलेला. उजवीकडे दोन माड, एक सरळ, एक पार जमिनीकडे वाकलेला. माडाचं पान न् पान वेगळं काढलेलं. आणि खडकाभोवती लाटा नव्हत्याच... नुसता पांढरा धूर. शिवाय खडकाच्या डाव्या अंगाला खाली एक तांबडा, तिरका फराटा. मला वाटायचं अप्पांच्या हातून रंगाचा डबा लवंडला असणार. विचारलं की म्हणायचे, “ते तितं पायजे.” का पाहिजे? “मला असंच दिसलं.” संपलं. अप्पा उभ्या जन्मात पुण्याच्या पलीकडं गेलेले नाहीत. समुद्र त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

मी शाळेत असताना एका गड्ड्यात बँकेतले एक साहेब आले. मूळचे कोकणातले, बदली होऊन आमच्याकडं आलेले. बायको-मुलांना घेऊन रांगेत उभे होते. पडदा बघितला आणि मोठ्यानं हसले. “अहो, हा समुद्र आहे? हा तर धूर! लाटा कुठायत? तुम्ही पाहिलाय का कधी समुद्र?” मग अख्खी रांग हसली. अप्पांनी त्या दिवसाची सगळी गिऱ्हाइकं केली, घरी आले, पडदा गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. पुढच्या वर्षी छापील काश्मीर आलं. ब्रश तर अप्पांनी परत हातातच धरला नाही. मला त्या रांगेचा इतका राग आला होता की आजही आठवलं की कानशिलं तापतात.

गेल्या मे महिन्यात स्टुडिओचं नवीन काम काढलं. माळा रिकामा करताना पडदा खाली आला. अप्पा म्हणाले, “मंद्रूपला दे धाडून. कडब्यावर टाकायला हुईल, जाड कापड हाय.” मंद्रूपला माझे दीर शेती बघतात. सोमवारी ते टेम्पो घेऊन येणारच होते.

“अप्पा, तुमच्या हातचं आहे हो ते!”

“चुकीचं हाय ते. चुकीचं ठिवून काय करायचं?”

एवढ्या वर्षांनी ‘चुकीचं’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला. म्हणजे त्या साहेबांचं बोलणं त्यांनी इतकी वर्षं मनात धरलं होतं आणि खरंही मानलं होतं. मी म्हटलं, आम्ही कोकणात चाललोय, मी येईपर्यंत पडद्याला कुणी हात लावायचा नाही. खऱ्या समुद्राचा मोठा फोटो काढून आणते, नव्या स्टुडिओत लावू, मग बघू पडद्याचं काय ते. खरं सांगू? पडदा वाचवायला माझ्याकडं काही कारण नव्हतं. नुसती वेळ मारून नेत होते.

आमचे हे हायस्कूलला सायन्स शिकवतात. शाळेला सुट्टी होती, म्हणून निघालो दोघं गाडी घेऊन. देवगडच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून बरंच आत, केवड्याच्या बनातून खाली उतरलं की एक छोटी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लागते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उद्या तिथं रीलवाल्यांची जत्रा भरेल. ती जागा आम्हाला कुणी सांगितली नव्हती. गाडी लावायला सावली दिसली म्हणून तिथं उतरलो, एवढंच.

मला काढायचा होता लाँग एक्स्पोजर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते... लेन्सपुढं काळी काच लावायची आणि शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसट होतं, जे हलत नाही तेवढंच स्वच्छ उमटतं. अट एकच. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. मी लग्नाचे फोटो काढणारी बाई, हे सगळं व्हिडिओ बघून शिकलेली. आणि वारा तर असा, की उभं राहायचं म्हटलं तरी पाय रोवायला लागत होते!

पहिले सगळे फोटो वाया. ट्रायपॉड थरथरत होता. खाली दगड भरलेली पिशवी टांगली, तर पिशवीच झोके घ्यायला लागली. तीन दिवस रोज संध्याकाळी हाच तमाशा. शेवटच्या दिवशी मात्र आम्ही आमचं सोलापुरी डोकं चालवलं. आम्ही कुठंही निघालो की आधी चादर गाडीत पडते, मग माणसं बसतात. बसायला आणलेली तांबडी चादर होतीच. मी म्हटलं, “अहो, बांधा की ही ट्रायपॉडला गुंडाळून, वारा अडेल.” आणि ह्या सायन्सच्या मास्तरांनी खरंच बांधली! चादरीत अशी हवा भरली की ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट निघाला समुद्राकडं. मी एका पायाला लोंबकळले, हे दुसऱ्या पायाला.

“हेच शिकवता का हो पोरांना?”

“शिडाचं उत्तम उदाहरण आहे गं हे,” हे म्हणतात. अस्सा राग आला!

उजेड उतरत चालला होता. सकाळी परत निघायचं होतं, सोमवारी टेम्पो येणार होता आणि माझ्या हातात एक धड फोटो नाही. कसाबसा ट्रायपॉड चादरीसकट वाळूत खोल रोवला, फ्रेम लावली. बटण दाबणार तेवढ्यात चादरीची गाठ सुटली, चादर उडाली आणि हे तिच्यामागं धावत थेट माझ्या फ्रेममध्ये! माझं डोकंच फिरलं. चादर, नवरा, माड, दर्या, सगळ्यांना मिळून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, “ए, हलायचं न्हाय!” आवाज माझा होता, पण थेट अप्पांचा वाटला. आणि रागारागात बटण दाबलं.

अर्धा मिनिट मी तशीच उभी. वारा तसूभरही कमी झाला नव्हता, हे लक्षात ठेवा. ओढणी तोंडावर फटाफटा बसत होती. चादर खडकाच्या बुडाशी अडकून फडफडत होती आणि हे गुडघाभर पाण्यात उड्या मारत होते. शटर बंद झालं न झालं तोच एक लाट आली आणि चादर घेऊन गेली. हे एक चप्पल गमावून परत आले.

स्क्रीनवर फोटो बघितला आणि ओढणीचा आडोसा करून परत बघितला.

समुद्र नव्हताच. लाटा नव्हत्या. काळ्या खडकाभोवती नुसता पांढरा धूर. असे फोटो मी आधी पाहिले नव्हते असं नाही, पण माझी ट्यूब तोवर पेटलीच नव्हती. खडकाचा वरचा घास गेलेला. उजवीकडे दोन माड, एक सरळ, एक वाकलेला. तीन दिवस मी त्या खडकाकडं बघत होते आणि मला ओळख पटली नव्हती! “अहो,” मी म्हटलं, “हा अप्पांचा पडदा आहे.”

ह्यांनी चष्मा पुसून बघितलं. आधी वाईट वाटलं त्यांना, कारण एवढ्या उड्या मारून फोटोत ते कुठंच नव्हते. मग त्यांनी सगळं शास्त्र सांगितलं. पाणी हलतं म्हणून धूर झाला. मी हललो म्हणून पुसला गेलो. ट्रायपॉड खोल रोवला होता आणि चादर सुटून शीड गेलं, म्हणून तो स्थिर राहिला. सगळं बरोबर. मग त्यांचं बोट माडावर आलं आणि तिथंच थांबलं. पान न् पान स्वच्छ होतं, अगदी पडद्यावर होतं तसंच. “हे... असं कसं?” म्हणाले.

पोरीला रील पाठवायचं म्हणून ह्यांनी स्वतःचा मोबाइल दगडांच्या आधारानं व्हिडिओ चालू करून ठेवला होता. गाडीत बसून तो बघितला. माझी आरोळी आहे. त्यानंतरचा तो अर्धा मिनिट पूर्ण आहे. आणि त्यात माडाच्या झावळ्या वेड्यावाकड्या आपटतायत! तोच वेळ, तीच झाडं. व्हिडिओत हलतायत, फोटोत नाहीत. ह्यांनी दोन्ही आळीपाळीनं कितीदा बघितलं, मग मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाले, “चल, कुठंतरी चहा मिळतो का बघू.”

घरी आल्यावर अप्पांना दाखवायच्या आधी फोटो जरा साफ करावा म्हणून लॅपटॉप उघडला. चादर फडफडली तिथं खडकाच्या डावीकडे एक तांबडा फराटा उमटला होता. म्हटलं, एवढा चांगला फोटो, हा डाग कशाला? पुसायला घेतला. अप्पा कधी मागं येऊन उभे राहिले कळलंच नाही.

“ते पुसू नगं,” म्हणाले. “ते तितं पायजे.”

यप्पा! तो फराटा मी साफ विसरून गेले होते. धावत जाऊन पडदा आणला, हॉलमध्ये पसरला, शेजारी लॅपटॉप ठेवला. खडक तोच. माड तेच. धूर तोच. आणि तांबडा फराटा... त्याच जागी, तितकाच तिरका, खडकापाशी दाट आणि टोकाला विरत गेलेला.

अप्पा बराच वेळ वाकून बघत राहिले. कधी इकडं, कधी तिकडं. मग कमरेवर हात ठेवून सरळ उभे राहिले.

“मग? चुकीचं न्हवतं की!”

आणि असे हसले, असे हसले, मांडीवर थापा मारून! मला रडू आवरेना. सोमवारी दीर टेम्पो घेऊन आले, त्यांना कडब्यासाठी नवी ताडपत्री घेऊन दिली आणि वाटेला लावलं.

आता तुम्ही म्हणाल, अप्पांनी कुठल्यातरी कॅलेंडरवर तो खडक बघितला असेल. असेल. मीही तेच म्हणून बघितलं. पण ती चादर आम्ही त्या मे महिन्याच्या आदल्या दिवाळीला घेतलेली! अप्पा रंगात ब्रश बुडवत होते तेव्हा माझं लग्न सोडा, माझं बारसंसुद्धा झालं नव्हतं. आणि माडांचं काय? आमचे सर अजून अधूनमधून व्हिडिओ आणि फोटो शेजारी लावून बसतात आणि चिडून उठतात. अप्पांना विचारावं तर उत्तर ठरलेलं, “मला असंच दिसलं.” माझ्याकडं ह्याचं काहीएक स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडं असलं तर जरूर कळवा, पण लेन्स पुसून झालीय.

यंदाच्या गड्ड्यात आम्ही पडदा परत लावला, शेजारी माझा फोटो मोठा करून. रांग अशी लागली की बघत राहावं! मालवणकडचं एक वयस्कर जोडपं मुलाकडं आलं होतं, तेही रांगेत होतं. ते गृहस्थ पडद्यापाशी आले आणि थबकले. “अरे, हा आमच्याकडचा खडक! दिवस मावळताना तिथं असंच दिसतं, बघत बसलं की. कुणी काढलं हे?”

“म्या,” अप्पा म्हणाले. खुर्चीतनं उठून म्हणाले, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.

मग मी अप्पांनाच हाताला धरून पडद्यापुढं उभं केलं. इतकी वर्षं लोकांना उभं केलं, स्वतःचा फोटो त्या समुद्रापुढं एकदाही काढून घेतला नव्हता. संध्याकाळचा वारा सुटला होता, पडदा फुगून बांबूवर आपटत होता. मी कॅमेऱ्यामागून म्हटलं, “अप्पा, तुम्हीच सांगा ह्या सगळ्यांना.” अप्पांनी टोपी सरळ केली, छाती काढली आणि त्याच जुन्या आवाजात, “ए, हलायचं न्हाय!”

रांग हसली. मनापासून, कौतुकानं हसली. शेजारच्या भेळवाल्याची छत्री वाऱ्यानं उडाली, तिच्यामागं तो पळाला, पाळण्यावरचे झेंडे फडफडत राहिले. आमचा समुद्र मात्र हलला नाही.