मागे न बघता

डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या कारखान्यात तो एकतीस वर्षं एकाच प्रेसपुढे उभा होता. मिनिटाला बावीस झाकणं. ना एक कमी, ना एक जास्त. तो ठेका पायांत उतरला असावा. तळ्याकाठच्या वाटेवर दर रविवारी सकाळी पळणाऱ्या मंडळींनी त्याचं नावच घड्याळ ठेवलं होतं. वाटेवर अडीचशे मीटरांना एक, असे आकडे रंगवलेले खांब होते. मनगटावर काही न बांधता घड्याळ दोन खांबांमधलं अंतर बरोबर दोन मिनिटांत कापायचा, आणि आठ माणसं त्याच्या मागे निर्धास्त पळायची.

पुढच्यानं मागे बघायचं नाही, हा नियम त्याचाच. "मागे बघितलं की मागच्याला लाज वाटते. लाजेपायी माणूस ऐपतीबाहेर पळतो," तो सांगायचा. म्हणून सगळ्यांत शेवटी असेल त्यानं प्रत्येक खांबाशी हाक द्यायची. हाक दमलेली आली, की वेग कमी. आलीच नाही, की थांबायचं.

घड्याळला ती हाक ऐकू येईनाशी होऊन वर्ष होत आलं होतं.

घरी बायको म्हणायची, "दार केव्हाचं वाजतंय, कानात बोळे घातलेत का?" तो हसण्यावारी न्यायचा. वाटेवर त्यानं वेगळीच युक्ती काढली होती. त्याच्या खांद्याला खांदा लावून शिंपी पळायचा. खांब मागे पडला की तो शिंप्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. शिंपी निवांत, म्हणजे हाक आली. शिंप्यानं मात्र, बाकीच्यांसारखंच, हाकेकडे कान देणं कधीच सोडलं होतं. घड्याळ ऐकतोय ना, मग आपण कशाला?

त्या रविवारी शेवटी बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, दम्याच्या, दोनच महिन्यांपूर्वी आलेल्या. नववा खांब गेला. शिंपी जावयाचं कौतुक सांगण्यात रंगला होता. दहावा गेला. अकराव्याशी मंडळींतला कंपाउंडर ओरडला, "अरे, बाई कुठायत?"

सगळे उलटे धावले. घड्याळच्या पायांना पहिल्यांदाच कसला हिशेब राहिला नव्हता.

बाई नवव्या खांबाला टेकून बसल्या होत्या, ओठ निळसर, औषधाचा पंप उतारावरच्या गवतात पडलेला. कंपाउंडरनं तो शोधला, त्यांच्या तोंडाला लावला. पाचेक मिनिटांनी छातीचा भाता थोडा शांत झाला.

"तीन हाका मारल्या मी. तीन!" बाई म्हणाल्या.

कंपाउंडर शिंप्यावर उसळला. "तुझी जीभ चालते तशी कान चालवायला काय झालं होतं? घड्याळभाऊंना तू बोलण्यात गुंतवलंस!"

शिंप्याचा चेहरा पडला. "चुकलंच माझं," तो पुटपुटला, आणि त्यानं मान खाली घातली.

घड्याळनं त्याचे ओठ वाचले. गप्प बसणं किती सोपं होतं! रविवार राहिला असता, नाव राहिलं असतं. कारखान्यात आता त्याला गोदामात बसवलं होतं. कुणी मागे यावं अशी ही एकच जागा उरली होती.

"त्याचं नाही चुकलं," तो म्हणाला. आवाज नको इतका मोठा निघाला. "मला ऐकूच येत नाही. वर्ष झालं."

कुणी काही बोललं नाही. की बोललं? शिंप्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत सुटका नव्हती, रागच होता.

"वर्षभर?" तो म्हणाला. "माझी बायको येत होती की हो गेल्या पावसाळ्यात. तीच असायची शेवटी."

हे मात्र घड्याळला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

कंपाउंडरनं बाईंना हात देऊन उभं केलं. मंडळी परत निघाली, बाईंच्या चालीनं, त्यांच्याभोवती घोळका करून. घड्याळ चार पावलं मागे राहिला. दोन खांब झाले तरी कुणी वळून बघितलं नाही, आणि पुढे काय बोलणं चाललंय ते त्याला कळत नव्हतं.