उसनी उपमा

निजामाच्या राज्यात बीडहून नेकनूरला बैलगाडीनं जाताना एक विद्वान भेटला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. जुन्या दखनी प्रेमकाव्यांमधल्या उपमा गोळा करणं हा त्याचा उद्योग. कुणी उपमा दिली की तो बोट वर करायचा, ती कुठल्या काव्यातली ते सांगायचा आणि म्हणायचा, "उसनी हाय!" मी बैलांना वाऱ्याची उपमा दिली, तीही उसनी निघाली. पुढं माझा तोंड उघडायचा धीरच झाला नाही.

नेकनूर जवळ आलं तसं त्यानं तिथं जायचं खरं कारण सांगितलं. "पोथ्यांशीच संसार करा," म्हणून बायको इथं माहेरी निघून आली होती. तिला आणायला एकट्यानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं मलाच संगं नेलं.

सासऱ्यानं सुपारी कातरताना मान वर केली नाही. पाय धुवायला कुणी पाणी आणलं नाही, आणि त्याशिवाय जावई उंबरा ओलांडणार कसा? विद्वान अंगणातच उभा. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं दाराकडं बघून म्हणाला, "तुझ्याबिगर घर म्हंजे नुसती कोरडी भाकर हाय. घशाखाली उतरंना."

दाराआडून बायकोचा आवाज आला, "हे कुण्या शायराचं?"

सवयीनं त्याचं बोट वर गेलं आणि तसंच राहिलं. मग चेहरा उजळला.

"कुणाचंच न्हाई गं! लई आठवून पाहिलं. माझंच हाय!"

आत हसू फुटलं, आणि पाण्याचा तांब्या बाहेर आला.