आगबोट भावोजींचं स्पॅनिश गाणं

अठरा मे, १९५८. अंगणात आमसुलांसाठी रतांबे फोडायचं काम चाललं होतं. मनगटापर्यंत हात लाल, आणि कुंपणापलीकडून आगबोट भावोजींचं गाणं. त्यातलं "कोरासोन", म्हणजे काळीज, ते एवढं लांबवत की आमची म्हैस रवंथ थांबवून कान टवकारायची.

भावोजी म्हणजे माझे चुलत दीर. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर स्वयंपाकी होते, म्हणून गाव त्यांना आगबोट म्हणे. आता ते नाहीत. गाणं मात्र माझ्या डोक्यात अर्धंमुर्धं राहिलंय. ते त्यांनी कुठल्याशा स्पॅनिश बंदरात उचललं होतं. अर्थ बोटीवरच्या गोंयकार बटलरने सांगितलेला. खलाशाची बाई त्याला सोडून जाते आणि तो धक्क्यावर बसून तिला हाका मारतो, एवढाच.

नोकरी सुटली, पण भावोजींची बोट काही सुटली नाही. जेवण तयार झालं की ते तांब्यावर पळी बडवत. शेवंतीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मीठ घातलं की वर आपलंही घालत. बांगड्याच्या तिखल्यात तिने घातलेली तिरफळं वेचून बाहेर टाकत. "सायबाच्या दाताखाली येतली," म्हणत. साहेब कुठला? जेवायला ती दोघंच, नाहीतर कधीमधी आम्ही.

शिमगा झाला आणि शेवंती पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"वयनी, एका चुलीर दोन रांदपी कशे रवतले? मी चललंय मिठबावाक, भावाकडे. चूल माझी एकटीची झाली, मगे बोलवा."

तेव्हापासून गाणं रोजचंच झालं. भावोजी वाळत चालले. मी एकदा ताट घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "तो खलाशी बसून रडता कित्याक? तिका परत घराक हाडूक जायना कित्याक?"

"वयनी, तो गेलो तर गाणा संपला मा!"

ताटाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

त्या दिवशी रतांबे फोडायला गावातले तात्याही होते. देवळातल्या गाऱ्हाण्यात प्रत्येक मागणीला पहिला होकार द्यायचा मान त्यांचा. ते ओरडले, "रे आगबोटी, रोज कोणाक आळवतंस? आमच्या भाषेत सांग बगूया!"

भावोजी अंगणात आले, डोळे मिटून उभे राहिले.

"तू गेलंस, माझ्या घराचो दिवो गेलो."

तात्यांच्या तोंडून सवयीनेच निघालं, "व्हय म्हाराजा!"

"तुझी खिडकी बंद, माझी झोप बंद."

आता सगळं अंगण ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

"दर्यात जेवढा पाणी, तेवढा माझ्या डोळ्यांत."

"व्हय म्हाराजा!" हसता हसता बायकांच्या हातातले रतांबे घसरले.

भावोजी थांबले नाहीत. "तिका परत हाड रे म्हाराजा. तिरफळां घालीत तेवढी घालूंदे."

तात्यांनी हातातला रतांबा खाली ठेवून हळूच विचारलं, "ह्या पण गाण्यात आसा?"

"नाय," भावोजी म्हणाले आणि पंच्यात तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ली त्यांच्या मुठीत दिली आणि त्यांना मिठबावच्या गाडीत नेऊन बसवलं.

"ही शेवंतीच्या हातात द्या," मी बजावलं, "आणि थंय गाणा म्हणू नकात."