हवालदाराच्या मांडीवरची पेटी

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. चिंचवड स्टेशनभोवती तेव्हा ज्वारीची शेतं होती. तिथं एकदाच भेटलेला एक हवालदार मला अजून आठवतो.

आमच्या कारखान्यात रसायनाची टाकी धुताना एक कामगार मेला होता. मालक म्हणत, दारू पिऊन पडला. त्याचा व्हिसेरा, म्हणजे पोटातले काढून ठेवलेले अवयव, तपासणीसाठी मुंबईला न्यायला हा हवालदार निघाला होता. सीलबंद बरणीची पेटी त्यानं मांडीवर धरली होती.

"खाली ठेवा की," मी म्हणालो.

"न्हाई राव. त्याची बायको म्हणती, माझा माणूस दारूला शिवत नव्हता. तिच्या बाजूनं बोलणारं आता एवढंच हाय."

पुढे अहवाल आला. दारूचा अंश नव्हता. विषारी वाफेनं जीव गेला होता. मी तो बाईला वाचून दाखवला.

"मी सांगतच व्हते," एवढंच ती म्हणाली.

हवालदाराला हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.