भिंगरीचे धुतलेले बूट

माझ्या नणंदेला घरात कोणी नावाने हाक मारत नाही, भिंगरीच म्हणतात. पायाला भिंगरी घेऊनच जन्मली म्हणे. लहानपणी जेवायलासुद्धा बसायची नाही, आणि आता चाळिशीला आली तरी तिचं बूड खुर्चीला टेकलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. खाली माझा नवरा इस्त्रीच्या मशीनवर, सासरे काउंटरवर आणि भिंगरी मागच्या खोलीत डागांच्या टेबलाशी. समोर कोणाचा तरी कोट, हातात ब्रश, आणि टेबलाखाली एक पाय सतत हलतोय. शेजारी उभं राहणाऱ्याला वाटावं, हिची कुठली तरी गाडी सुटायची वेळ झाली आहे.

लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, राहिलंच. तिचं सगळंच असं राहून गेलेलं आहे. नाही राहिलं ते एकच, परदेशात जाऊन चिखलात लोळणं.

हे मी चिडून म्हणते असं वाटेल. चिडूनच म्हणते. अशा शर्यती असतात हे मला लग्न होऊन या घरात आल्यावर कळलं. शेकडो शहाणीसुरती माणसं एका माळावर जमतात. भिंतींवर चढतात, काटेरी तारांखालून सरपटतात, बर्फाच्या पाण्यात उड्या मारतात, खांद्यावर वाळूची पोती घेऊन टेकडी चढतात आणि शेवटी चिखलाचे गोळे होऊन एकमेकांना मिठ्या मारतात. वर त्यासाठी पैसे भरतात. वर्षभर लोकांचे डाग काढायचे आणि सुट्टी मिळाली की विमानात बसून स्वतःला बरबटून घ्यायला जायचं, याला काय म्हणावं? हौसेला मोल नाही हे खरं. पण ही बाई ती हौस दात कोरून भागवते. सगळ्यात स्वस्त विमान, म्हणजे पोचणार भल्या पहाटे आणि तेही शहरापासून लांब. सामानाला जादा पैसे पडतात म्हणून तीन सदरे एकावर एक घालून निघायचं. आठ अनोळखी माणसं घोरतात अशा खोलीत वरचा पलंग घ्यायचा. एकदा विमानतळाच्या बाकावर झोपली तर सफाईवाल्याने झाडूने पाय उचलायला लावले. हे सांगताना अशी हसत होती, जणू कोणी तिचा सत्कारच केला.

मी एकदा विचारलं होतं, कशाला जातेस गं? ती ब्रश खाली ठेवून म्हणाली, "तिथे पुढे काय करायचं ते समोर दिसतं, वहिनी. भिंत असते. चढायची. इथे मला काहीच दिसत नाही." मग पुन्हा कुठल्याशा कॉलरवर वाकली.

सासऱ्यांना हे सगळं पसंत नव्हतं. तसं ते कधी बोलले नाहीत, पण न बोलण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. सासूबाई गेल्यापासून बापलेकीत जे काही बोलणं व्हायचं ते कपड्यांवरून. रेशमाला हे औषध नको, लोकरीला ते नको. ती परदेशातून आली की ते तिच्या बॅगेकडे असे बघायचे, जणू कोणी दुकानात उष्टं ताट आणून ठेवलंय. त्यातून मागच्या वर्षी एका विमानतळावर तिच्या बुटांना वाळलेला चिखल दिसला. परक्या मातीतून रोग येतो म्हणून तिथल्या अधिकाऱ्याने तिला बाजूला घेतलं, सगळ्यांसमोर नळाखाली बूट घासायला लावले. भिंगरीने ही गोष्ट जेवताना गंमत म्हणून सांगितली. आम्ही हसलो. सासरे हसले नाहीत. आमच्या घरातल्या मुलीला मळकी म्हणून अडवलं, हे त्यांना किती वर्मी लागलं होतं, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्याच फेरीतल्या शर्यतीत भिंगरीला एक बाई भेटली. देशोदेशी फिरून या भिंती, हे दोरखंड उभे करणारा एक ताफा असतो, त्याची ही मुकादम. भिंगरी स्वतःची शर्यत सोडून भिंतीवर बसली होती आणि खालच्या माणसांना हात देऊन वर ओढत होती, ते या बाईने पाहिलं. म्हणाली, आमच्याकडे असंच माणूस लागतं. सगळ्यांत शेवटी पळायचं, मागे राहिलेल्यांना पार करायचं. वर्षातले आठ-नऊ महिने ताफ्याबरोबर फिरायचं, जेवणखाण-राहणं त्यांचं. अट एकच होती. पुढची शर्यत तिने ठरल्या वेळात, कोणाच्या मदतीशिवाय पुरी करून दाखवायची. जमलं तर काम पक्कं.

भिंगरीला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं, की ती त्याबद्दल फारसं बोलतसुद्धा नव्हती, न जाणो नजर लागेल. रोज उजाडायच्या आत पळायला जाऊ लागली, पायऱ्यांवरून धुलाईच्या पावडरची पोती खांद्यावर घेऊन वरखाली करू लागली. घर हादरायचं. नवरा म्हणाला, ही गेली तर डाग कोण काढणार? मी म्हटलं, तुझ्या बहिणीचा जन्म काय टोमॅटोच्या डागांसाठी झालाय? पण ती जाणार या विचाराने धास्तावले मीही होतेच. सासऱ्यांना तिने जेवताना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी प्यायले, "पडद्यांची ऑर्डर द्यायची राहिलीय" म्हणाले आणि खाली गेले. भिंगरीचा हलणारा पाय थांबला. आम्ही काय समजायचं ते समजलो.

ती निघाली त्या सकाळी काउंटरवर एक पुडकं होतं. आमच्या दुकानाचा कागद, आमची दोरी, वर तिच्या नावाची चिठ्ठी आणि त्यावर लाल शिक्का, 'अर्जंट'. तो शिक्का सासरे सहसा मारत नाहीत. आत तिचे शर्यतीचे बूट होते. ते तिने नवेकोरे घेतले तेव्हाही इतके स्वच्छ नसतील. शिवणीशिवणीतून चिखल काढलेला, नाड्यांनासुद्धा इस्त्री. आमच्या दुकानात बूट-चपला घ्यायच्याच नाहीत हा सासऱ्यांनीच घातलेला नियम, आणि त्यांनी स्वतः बसून हे केलं होतं. भिंगरी बूट हातात घेऊन नुसती उभी राहिली. सासरे काउंटरमागे हिशेबात डोकं घालून बसले होते. ती "येते, बाबा" म्हणाली, ते "हं" म्हणाले. दारातून बाहेर पडताना तिचे डोळे भरलेले मी पाहिले.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरात वेगळाच प्रकार सुरू झाला. जो माणूस काउंटरवरून हलत नाही, तो दर थोड्या वेळाने वर यायचा. फोन आला का? नाही आला, बाबा. खाली. पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी तर ते कपडेही उलटसुलट देऊ लागले, एका बाईंचा शालू कोणा वकिलाच्या हाती पडता पडता वाचला. तिचा फोन नंबर पुन्हा लाव, म्हणाले. लावला, लागला नाही. स्वस्तात फिरणाऱ्या माणसाचा फोन कधी लागतो? लेकीसाठी जीव टांगणीला लागलाय, एवढंच मला वाटलं. ते दिवसभर रबरी सपाता घालून फटक फटक करत फिरत होते, तेही मी वयावर ढकललं.

संध्याकाळी फोन आला. शर्यत पुरी झाली नाही. पायाला लागलंय, टाके पडलेत, परत येते. आवाज अगदी सपाट होता. सासऱ्यांना सांगितलं तर ते पायरीवरच बसले. "कशाने लागलं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दगड लागला म्हणे.

भिंगरी लंगडत आली. काठी, पायाला बँडेज. सगळ्यांना हसून दगडाची गोष्ट सांगितली आणि खोलीत जाऊन पडली. ही बाई दिवसाढवळ्या आडवी झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी तिची बॅग उपसायला घेतली. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत बूट होते. वरचा भाग एकीकडे, तळ दुसरीकडे. आणि वास. इतकी वर्षं या घरात काढल्यावर तो वास मला झोपेतही ओळखू आला असता. आमचं डाग काढायचं औषध.

सासऱ्यांनी बूट आमच्या औषधात बुडवून ठेवले होते. त्यांनी जन्मभर कापड धुतलं. कापडाला शिवण असते, बुटाला गोंद असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. की आलं होतं? माझ्या मनात पाल चुकचुकली. लेक जाऊ नये म्हणून एखादा बाप काय काय करेल सांगता येत नाही.

मी बूट घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. तिने दार लावून घ्यायला सांगितलं. मग सगळं बोलली. दोन भिंती झाल्या होत्या, वेळ हातात होता. चिखलाच्या खड्ड्यातून पाय उपसला तर तळ आतच राहिला. थोड्या अंतरावर दुसराही गेला. ती तशीच अनवाणी पळाली, खडीवरून, टेकडीवरून. तारांखालून सरपटताना टाच फाटली. तरी उठली, पण रक्त बघून तिथल्या डॉक्टरने तिला बाहेर काढलं. मुकादमबाई तिथेच उभी होती. म्हणाली, मला वाईट वाटतं, पण अट ती अट. पुढच्या मोसमात वाटलं तर ये.

मी संतापले होते. खाली जाऊन बाबांना विचारते, असं मी म्हटलं. तिने माझा हात धरला. "नको, वहिनी. बाबांनी पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी केलं. ते असं झालं हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि मुद्दाम केलं असेल तर?"

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तोच विचार तिच्याही मनात येऊन गेला होता, आणि तोच तिला टाक्यांपेक्षा जास्त दुखत होता.

दारावर टकटक झाली. सासरे आत आले आणि माझ्या हातातल्या बुटांकडे पाहत राहिले. लपवायला वेळच मिळाला नाही. भिंगरी घाईघाईने सांगू लागली, की बूट जुनेच होते, कधी ना कधी जाणारच होते. ते मध्येच म्हणाले, "मला ठाऊक आहे."

तेव्हा त्यांनी सांगितलं. तिचे बूट इतके छान निघाले म्हणून खूश होऊन त्यांनी आपलेही त्याच औषधात टाकले. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घालायला घेतले, तर तळ फरशीवर आणि बूट हातात. "तेव्हापासून फोन लावतोय. पळायच्या आधी तुला सांगायचं होतं, घालू नकोस म्हणून." त्यांच्या पायातल्या सपाता मी आता नीट पाहिल्या. जिना चढउतार करणाऱ्या त्या म्हाताऱ्याबद्दल मी मनात काय काय बोलले होते, ते आठवून मला कसंसंच झालं.

"तुला वाटलं असेल, मी मुद्दाम केलं," ते म्हणाले. "दुकानासाठी."

"नाही, बाबा," भिंगरी म्हणाली, पण क्षणभर उशिरा.

सासरे पलंगाच्या कडेला बसले. बराच वेळ बोटांनी चादरीची सुरकुती सरळ करत राहिले. "त्या विमानतळावर त्यांनी तुला बाजूला काढलं होतं. म्हटलं, या वेळी बूट बघून तरी कळेल, मुलगी कुठल्या घरची आहे. मग ते तुला काम देतील, आणि नीट वागवतील." मग म्हणाले, "परत घेतील ना परीक्षा?"

"पुढच्या मोसमात."

"मग पाय बरा कर आणि जा. डाग काय, तू जन्मायच्या आधीही निघत होते." उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि नवीन बूट मला दाखवूसुद्धा नकोस."

भिंगरी आधी हसली आणि मग इतकी रडली की मला तिचं डोकं धरून बसावं लागलं. मला वाटलं, आनंदाने रडतेय. थोडी शांत झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "बाबा अडवतात असं वाटत होतं, तोवर बरं होतं गं, वहिनी. कुठेही गेले तरी घराशी भांडून जायचे आणि परत यायचे. आता खरंच जावं लागणार. मला भीती वाटतेय."

तिचा धड पाय पांघरुणाखाली पुन्हा हलायला लागला होता. मला सांगावंसं वाटत होतं की नको जाऊस, तुझ्याशिवाय या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं आहे कोण.

"वाटू दे," मी म्हटलं. "आणि जा."

मग मी खाली जाऊन तिच्या जागी बसले. डागांच्या टेबलावर एक कोट वाट बघत पडला होता, आणि तो डाग कशाचा हे मला ओळखता येत नव्हतं.