बाल्कनीतली सीडी

कबुतरं येऊ नयेत म्हणून बाल्कनीत टांगलेली सीडी उन्हात चमकली, की कोथरूडच्या घरातली ती संध्याकाळ आठवते आणि डोकं फिरतं. आयटीतल्या खुर्चीत बसून रोज पिझ्झा नि कोला रिचवत फुगलेल्या माझ्या नवऱ्याची नुकतीच अँजिओग्राफी झाली होती, आणि दवाखान्याने दिलेली ती सीडी बघायला धाकटे दीर सहकुटुंब आले होते. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून गरम बटाटेवडे घेऊन! नव्या कॉम्प्युटरवर हृदयाच्या काळ्या रक्तवाहिन्या हलू लागल्या, त्यातली एक मध्येच दोऱ्याएवढी बारीक झालेली. मी म्हटलं, "आत चरबी साठलीय. हे असंच खात राहिले तर ती नळी बंद पडेल, असं डॉक्टरांनी बजावलंय." खोलीभर तळणाचा वास भरला होता. मांडीवर टेकलेलं पोट सावरत दीर म्हणाले, "अहो वहिनी, एका वड्याने काय होतंय? आणि ते जरा मागे घ्या, नीट दिसलं नाही." नवऱ्याने तेलकट बोटांनीच माउस हलवला, सीडी पुन्हा लावली आणि दुसरा वडा उचलला. आता त्याचा हार घातलेला फोटो हॉलच्या भिंतीवर आहे आणि सीडी बाल्कनीत. तिला कबुतरं तरी घाबरतात.